आधी हँडल, मग सीट

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

कामावर जाण्यायेण्यासाठी सायकल घेण्याचे तू नक्की केलेस, हे वाचून फार बरे वाटले. मात्र सायकल ठरण्याआधीच जाड जेलची मऊ सीट तू मनाशी ठरवून बसला आहेस, तेव्हा प्रथम त्याविषयीच लिहितो. सीट कोणती हवी, हे हँडलच्या उंचीवर ठरते. वाकून चालवताना शरीराचा बराचसा भार हातांवर आणि पेडलांवर जातो, म्हणून अरुंद सीट चालून जाते. ताठ बसल्यावर मात्र बहुतेक वजन बैठकीच्या दोन हाडांवर येते आणि त्यांना टेकायला मागे पुरेशी रुंदी लागते. सीट फार मऊ असली की हाडे तीत रुततात, मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो, आणि दुकानासमोरच्या फेरीत सुखाची वाटलेली तीच सीट अर्ध्या तासात मुंग्या आणते.

म्हणून एक कर. खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून त्यावर घट्ट बस, उठल्यावर पडलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतील अंतर मोज आणि ताठ बैठकीसाठी त्यात साधारण चार सेंटिमीटर मिळव. त्याहून अरुंद सीट घेऊ नकोस. ब्रुक्सची बी 17 ही चामड्याची प्रसिद्ध सीट सुमारे 17 सेंटिमीटर रुंद आहे, तर ताठ बसणाऱ्यांसाठीची बी 67 सुमारे 21 सेंटिमीटर, आणि तिला मागे दोन स्प्रिंगा असतात. चामडे आरंभी कडक लागते, पण वापराने हाडांपुरते दबून अंगाला बसते. भिजलेल्या चामड्यावर बसलास तर मात्र त्याला झोळ पडतो, तेव्हा सायकल उघड्यावर उभी राहणार असेल तर हा लाड नको.

हँडल मागे वळलेले आणि मुठी सीटपेक्षा थोड्या वर असाव्यात, म्हणजे कोपरे सैल राहतात. मधला दांडा नसलेल्या फ्रेमला ‘लेडीज’ म्हणून नाक मुरडू नकोस. कॅरिअरवर सामान असताना मागून पाय टाकण्याची कसरत वाचते. मडगार्ड आणि पूर्ण चेनकव्हर हवेच. गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतले घेतलेस तर सिग्नलला उभा असतानाही बदलता येतात. असे हब बनवणाऱ्या स्टर्मे-आर्चर कंपनीच्या नेहमीच्या तीन गिअरांत मधला सरळ, खालचा पाव भागाने हलका आणि वरचा एक तृतीयांशाने जड असतो, आणि रोजच्या रस्त्याला एवढे पुष्कळ झाले. टायर 40 मिलिमीटरांच्या आसपास घे, कारण खड्ड्यांचे अर्धे काम ते करतात आणि उरलेलेच सीटकडे येते.

सीटची उंची लावताना टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेव. पाय सरळ झाला की उंची बरोबर, मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीटचे टोक आधी सपाट ठेव, नंतर पाना घेऊन थोडे थोडे हलवून पाहा. ते खाली झुकवलेस तर तू पुढे घसरशील आणि मनगटे दुखू लागतील.

पुठ्ठ्याचे माप तेवढे कळव, म्हणजे सीटचे नक्की करू.

तुझा,
विनय