जुन्या घराला नवा भाग जोडून देणाऱ्या आर्किटेक्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

जुन्या घराला चार खोल्या जोडायचं ठरलं, तेव्हा आमच्यात दोन तट पडले होते. एकांचं म्हणणं, हुबेहूब जुन्यासारखंच बांधा, फरक कळताच कामा नये. दुसऱ्यांना चकचकीत काहीतरी हवं होतं. तुम्ही दोघांचंही नीट ऐकून घेतलंत आणि दोघांनाही नाही म्हणालात. हे आभार मुख्यतः त्या नकारांचे.

नक्कल का नको, ते सांगताना तुम्ही १९६४च्या व्हेनिस सनदेचा, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपाव्यात याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांचा, दाखला दिलात: जे नवं काम करणं भागच आहे ते जुन्यापासून वेगळं ओळखू यावं, त्यावर आजच्या काळाची छाप असावी. सनद स्मारकांसाठीची, आमचं घर कसलं स्मारक! पण मुद्दा पटला. नक्कल शेजारी उभी राहिली की अस्सल भागाबद्दलही शंका येऊ लागते. चकचकीतवाल्यांना तुम्ही नुसती जुन्या छपराची वळचण दाखवलीत. नव्याचा माथा तिच्या खाली, भिंत दर्शनी रेषेच्या मागे, खिडक्या साध्या, पण उंची-रुंदीचं प्रमाण जुन्या खिडक्यांचं. त्यात एक खोली गेली. काका अजून रुसलेत.

तुमचं खरं कसब मात्र जोडावर दिसतं. जुनं घर खचायचं तेवढं कधीच खचून स्थिरावलंय. नवं बांधकाम सुरुवातीला थोडं बसणारच. दोन्ही भिंती एकमेकींत गुंफल्या असत्या तर तडा ठरलेला. तुम्ही नव्याला स्वतंत्र पाया दिलात, तोही जुन्या पायाला धक्का लागणार नाही इतका लांब. मधे काचेच्या छताचा अरुंद बोळ, आणि त्याच्या सांध्यात हालचालीला जागा. ये-जा करायला जुन्या भिंतीला नवं भगदाड पाडलं नाहीत. एका खिडकीखालची भिंत तेवढी उतरवून तिथेच दार केलंत. वरची तुळई जागची हललीसुद्धा नाही. निघालेले दगड क्रमांक घालून ठेवायला लावलेत, कारण उद्या कुणाला हे सगळं काढून टाकावंसं वाटलं तर खिडकी पूर्ववत करता यायला हवी. आपलंच काम काढता येईल अशी सोय करून ठेवायला मोठं मन लागतं.

जुन्या भिंतीच्या दगडांमधल्या फटी भरायला गवंडी सिमेंट कालवत होता, तेव्हा तुम्ही काम थांबवून चुना मागवलात. सिमेंटने ओल कोंडते, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडच झिजतो, हे तुम्ही त्याला न चिडता समजावलंत. पुढे तोच इतरांना सांगत होता.

काचेच्या छताकडेची पन्हळ तुम्ही गरजेपेक्षा मोठी का केलीत, ते पहिल्या मोठ्या पावसात कळलं. पानांनी ती तुंबली, पण पाणी भिंतीत न मुरता तुम्ही ठेवलेल्या जादा तोंडातून बाहेर पडलं. आता पावसाळ्याआधी ती साफ करतो.

बोळातल्या फरशीचा काळा रंग तेवढा आम्हाला अजून आवडलेला नाही. पायांचे ठसे फार दिसतात हो त्यावर.

आपले ऋणी,
जुन्या-नव्या घरातली सगळी मंडळी