आबा, जिभाऊंचे कागद शोधाल का?

बर्मिंगहॅम,
१८ जानेवारी

तीर्थरूप आबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण माझं अर्धं वाक्य होईपर्यंत आई "काय व्हयनं रे भाऊ?" म्हणून रडायला लागते आणि पुढचं राहूनच जातं. आबा, आधी तुम्ही शेवटपर्यंत वाचा, मग तिला वाचून दाखवा.

दिवाळीनंतर माझा मुतखडा उठला होता, ते तुम्हाला ठाऊक आहे. खडा पडून गेला. आईने सांगितलेलं हुलग्याचं पाणीही पिऊन झालं. पण खड्यासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये डॉक्टरांना भलतंच काहीतरी दिसलं. जठराच्या मागे, पार खोल, स्वादुपिंड असतं. आई ज्याची सुई घेते ते इन्सुलिन शरीर तिथेच बनवतं. माझ्या स्वादुपिंडात एक पाण्याची गाठ आहे, १४ मिलिमीटरची, म्हणजे बांधावरच्या बोराएवढी. खड्याशी तिचा संबंध नाही. दुखत नाही, खुपत नाही. खडा उठला नसता तर ती आहे हे कळलंही नसतं.

मग एमआरआय झाला. स्वादुपिंडाच्या मुख्य नळीला बारीक फाटे असतात, त्यातल्या एकाला ही गाठ जोडलेली आहे. मुख्य नळी फुगलेली नाही, गाठीच्या आत घट्ट असं काही नाही, रक्ताची तपासणीही ठीक आली. वय वाढतं तशा अशा गाठी बऱ्याच लोकांना निघतात, आणि हल्ली ज्याचा त्याचा स्कॅन होतो म्हणून जास्तच सापडतात. बहुतेकींचं पुढे काही होत नाही. थोड्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. हे लपवून उपयोग नाही, कारण तुम्ही अमळनेरच्या डॉक्टरांना विचारणार आणि ते सांगणारच.

तुमचा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय, "मग काढून का टाकत नाहीत एकदाची?" मीही तोच विचारला. स्वादुपिंडाचं ऑपरेशन म्हणजे अपेंडिक्स नव्हे. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे, म्हणजे रुंद टोकाला असेल तर पित्ताशय, पित्तनळीचा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात हे सगळं सोबत काढावं लागतं. शेपटीकडे, म्हणजे निमुळत्या टोकाला असेल तर बऱ्याचदा प्लीहाही जाते. वर साखर मागे लागायची भीती. एवढं मोठं ऑपरेशन बहुधा कधीच काही न करणाऱ्या गाठीसाठी कुणी करत नाही. त्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, मग ठराविक अंतराने. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, तेव्हा वारंवार केला तरी त्याची धास्ती नको. गाठ झपाट्याने वाढली, नळी रुंदावली, आत घट्ट भाग दिसला किंवा मला कावीळ झाली, तर लगेच पुढचा विचार. तोवर नुसती नजर ठेवायची.

हे नुसतं नजर ठेवणं मला सुरुवातीला अजिबात जमलं नाही. औषध दिलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान गोळी गिळली की आपण काहीतरी केलं म्हणता येतं. रात्री उठून मोबाइलवर वाचत बसायचो. जेवल्यावर पोटात जरा गुडगुडलं तरी तीच आठवायची. शेवटी सूनबाईंनी रात्रीचा मोबाइल काढून घेतला. तुमच्या सूनबाई तुम्हाला फोनवर गरीब वाटतात, तेवढ्या नाहीत. आता झोप लागते. पोरांना अजून सांगितलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता का. मी नाही म्हणालो, आणि बोलता बोलता सांगितलं की मोठे काका, आपले जिभाऊ, काविळीने गेले. त्यांनी लिहिणं थांबवलं. "कसली कावीळ?" मला सांगता येईना.

आबा, जिभाऊंचं मला आठवतं ते एवढंच. डोळे हळदीसारखे, अंगाला सारखी खाज, अंगरखा खांद्यावरून घसरायला लागलेला, आणि पोटात मात्र दुखत नाही म्हणायचे. आपण त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. धुळ्याला नेलं ते फार उशिरा. पित्ताची नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे गाठ झाली की नळी दबते आणि न दुखता कावीळ होते. त्यांचं तसंच होतं असं मी म्हणत नाही. पण "पोटाच्या दुखण्याने" गेलेल्या आत्याचंही आपल्याला नक्की काय ते माहीत नाही. एका काकांमुळे माझ्या तपासणीत फारसा फरक पडणार नाही. पण बहीणभाऊ दोघांनाही तेच असेल तर डॉक्टर ते वेगळं धरतात, आणि मग प्रश्न माझ्याआधी तुमचा येतो. तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ.

तेव्हा सातबारे ठेवलेली ती पेटी उघडा. धुळ्याचं डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताच्या चिठ्ठ्या, जे मिळेल ते. जिभाऊंच्या घरीही विचारा, पण काकूंना कारण सांगू नका. एवढ्या वर्षांनी "तेव्हाच मुंबईला न्यायला हवं होतं" हे त्यांच्या मागे लागायला नको. बापूला सांगा, प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठव. तुमची साखर आणि वजन पाहून किती दिवस झाले? तेही करून घ्या.

आई, सप्तशृंगीला पायी जाण्याचा नवस तू बोलणार हे मला माहीत आहे. तुझ्या गुडघ्यांना तो झेपणार नाही. बोलायचाच तर माझ्या नावाने बोल, चैत्रात येऊन मी चालेन. आणि वांगी आहेत तोवर माझ्या वाट्याचं भरीत तुम्ही खाऊन घ्या.

रविवारी फोन करतो. कापूस अजून घरातच आहे की काढला विकून, ते तेव्हा सांगा.

तुमचा,
भैय्या

ता. क. बापूला म्हणावं, बिडी सोड. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं तेही एक कारण आहे असं इथे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.