आधी छापील प्रत, मग प्रकाशनाची तारीख

महोदय,

२७ फेब्रुवारी जवळ आला की नाशिकमध्ये पुस्तक प्रकाशनांची गर्दी होते. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, त्यांच्याच नाशकात आपले पुस्तक यावे असे लेखकाला वाटणारच. मग ‘सावाना’चे (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) औरंगाबादकर सभागृह किंवा कुसुमाग्रज स्मारक ठरते, पाहुणे होकार देतात, पत्रिका वाटल्या जातात. पुस्तक तेव्हा दुसऱ्या प्रुफात, म्हणजे चुका तपासण्यासाठी काढलेल्या कच्च्या प्रतीत असते. नवख्या लेखकाची शेवटच्या पंधरवड्यातली झोप उडते ती इथे. पुस्तक लोकांना आवडेल का, ही धास्ती कुणालाच टळलेली नाही. चुका राहतील ही धास्ती मात्र बरीच कमी करता येते, फक्त त्याला दिवस द्यावे लागतात.

लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, कारण तो कागदावरचे अक्षर न वाचता मनातले वाक्य वाचतो. म्हणून पहिले प्रूफ दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचावे आणि लेखकाने हस्तलिखितावर नजर ठेवावी. आठ दिवस मध्ये जाऊ देऊन दुसरे प्रूफ शेवटच्या प्रकरणापासून उलटे वाचावे. यात आधीच्या दुरुस्त्या खरोखर झाल्या का आणि त्या करताना शेजारची ओळ बिघडली का, हे तपासायचे. तिसऱ्या फेरीत मजकूर वाचूच नये. शीर्षके, अनुक्रमणिकेतले पृष्ठांक, छायाचित्रांखालच्या ओळी, मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि कण्यावरचे नाव एवढेच पाहावे. सर्वांत मोठ्या अक्षरातली चूक सर्वांत शेवटी सापडते.

संगणकाच्या तपासणीवर विसंबू नये. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही शब्द बरोबर, त्यामुळे तिथे यंत्र गप्प बसते. खरी गडबड सामान्यरूपात होते: गरीब पण गरिबांना, फूल पण फुलाला. श्री-लिपी या जुन्या फाँटप्रणालीतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, ‘दुसऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’मधला र मोडतो. अशी अक्षरे शोधून एकेक पाहावीत.

आठवणी लिहिणाऱ्यांची धास्ती वेगळी असते. नातेवाईक दुखावतील असे वाटत असेल, तर तो मजकूर पुस्तकाची पाने मांडण्याआधी त्यांना दाखवावा. नंतर एक परिच्छेद काढला तरी पुढची पाने सरकतात आणि अनुक्रमणिका चुकते. पृष्ठसंख्या बदलली की कण्याची जाडी बदलते, म्हणजे मुखपृष्ठाची फाइलही पुन्हा करावी लागते.

ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, सहसा १६ पानांचा फर्मा (एकत्र छापून घडी घालायचा मोठा कागद) असतो, एका बाजूला ८ पाने. प्लेट झाल्यावर एक अक्षर बदलायचे तरी नवी प्लेट लागते. फर्मा छापून झाला असेल तर तो सगळा कागद वाया. त्यापेक्षा आधी डिजिटलवर पाच-दहा प्रती काढून दोन जाणत्या वाचकांना द्याव्यात. हा खर्च आम्हाला सर्वांत सार्थकी लागणारा वाटतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, लेखकालाही. तो कार्यक्रमाच्या तोंडावर मागितला की मलपृष्ठावर बारकोडची चिठ्ठी चिकटवायची वेळ येते. प्रकाशकाशी करारही लेखीच करावा. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षे धरली जाते. अनेक लेखकांना हे ठाऊक नसते आणि ‘आपण काय लिहून दिले’ ही हुरहुर उगाच मागे लागते.

एवढे करूनही चूक राहिलीच, तर नाव, सन किंवा आकडा चुकला असेल तेव्हाच शुद्धिपत्र चिकटवावे. ह्रस्व-दीर्घाच्या चुका एका प्रतीवर लाल शाईने नोंदवून दुसऱ्या आवृत्तीसाठी ठेवाव्यात.

बांधणीलाही घाई सोसत नाही. गोंद पुरता धरण्याआधी प्रत ताणून उघडली की पाने सुटतात, आणि प्रकाशनाच्या व्यासपीठावर नेमके तेच होते. शहरातल्या साहित्य संस्थांना आमची विनंती आहे की, प्रकाशनासाठी तारीख देण्याआधी लेखकाकडून बांधलेली एक प्रत मागावी. फेब्रुवारीत ती तयार नसेल, तर १ मे हा मराठी राजभाषा दिनही आपल्याकडे आहेच.

— काही मुद्रितशोधक, नाशिक