खांदा दुखत नव्हता, हे ओळखणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

त्या रात्रीच्या धावपळीत तुमचे धड आभारही मानता आले नाहीत. बाबा आता घरी आहेत, दोन्ही वेळ जेवतात, आईशी वाद घालतात. हे तुमच्यामुळे आहे आणि ते मला चारचौघांसमोर सांगायचं होतं.

बाबांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग. प्रत्यारोपणासाठी स्टेम सेल्स, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, गोळा करायच्या म्हणून एका मोठ्या खासगी रुग्णालयात त्यांना त्या पेशी रक्तात आणणाऱ्या फिलग्रास्टिमची इंजेक्शनं दिली. पेशी मिळाल्या, घरी सोडलं आणि डावा खांदा दुखायला लागला. फोन केला, तर म्हणे इंजेक्शनने हाडं दुखतातच, पॅरासिटामॉल द्या. घेऊन गेलो, तर साहेबांनी कम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "काय करायचे हे?" एसटीत ड्रायव्हर होते म्हटल्यावर, "मग काय, आयुष्यभर स्टेअरिंग फिरवलंय, खांदा धरणारच." मलम लिहून दिलं. बाबांच्या अंगाला कोणी हातसुद्धा लावला नाही. या इंजेक्शनांनी हाडं दुखतात हे खरंच आहे. पण त्यांनी पोटातली पानथरी (स्प्लीन) सुजते, क्वचित फुटतेही, आणि डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखलं तर लगेच तपासा, हेही त्या औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. रोज ही इंजेक्शनं देणाऱ्यांना ते ठाऊक नसावं? मला अजून राग येतो.

तुमच्या कॅज्युअल्टीत आलो तेव्हा बाबा पांढरेफटक पडले होते. शेजारच्या खाटेवर अपघाताचा पेशंट ओरडत होता, दारात गर्दी होती. तुम्ही वाकून मला नाही, बाबांना म्हणालात, "काका, हात मी उचलते, तुम्ही सैल सोडा." एका हाताने कोपर धरलंत, दुसरा खांद्यावर ठेवलात, आणि त्यांचा हात हळूहळू पुढे, वर, बाजूला फिरवून पाहिलात. बाबांच्या चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणालात, "आता मोठा श्वास घ्या." तसे बाबा कळवळले आणि त्यांनी खांदाच धरला. तुम्ही मान वळवून सिस्टरना सोनोग्राफीचं मशीन आणायला सांगितलंत. आवाज चढला नाही. बाबांचा हात मात्र सोडला नव्हतात, तो आधी चादरीवर अलगद टेकवलात आणि मग उठलात.

एवढंच. मिनिटभरही लागलं नसेल.

पानथरी फुटली होती, पोटात रक्त साचत होतं. पुढचं ऑपरेशन, रक्ताच्या पिशव्या, आयसीयू हे सगळं सर्जरीच्या मंडळींनी निभावलं, त्यांचे उपकार आहेतच. नंतर वॉर्डात येऊन तुम्ही समजावलंत की पोटातलं रक्त छाती आणि पोटामधल्या श्वासपटलाला खालून डिवचतं, त्या पटलाची नस मानेतून निघते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. केर नावाच्या जर्मन सर्जनच्या नावाने हे लक्षण ओळखतात, हेही सांगितलंत. बाबांनी ते नाव पाठ केलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. मायलोमामुळे प्रतिकारशक्ती आधीच कमी, त्यात आता पानथरी नाही. म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी का घ्यायच्या, आणि ताप १००.४ वर गेला तर सकाळ व्हायची वाट न बघता का यायचं, हे आईला पटेपर्यंत तुम्ही बोलत राहिलात. तुमची ड्यूटी केव्हाच संपली होती.

या आजारपणात बाबांबद्दल बोलणारे खूप भेटले, बाबांशी बोलणारे फार थोडे. जे भेटले ते लक्षात राहिले. स्ट्रेचर ढकलताना उंबरठ्यापाशी "काका, जरा धक्का बसेल हं" म्हणणारे मामा, आईला रात्री आपल्या डब्यातली भाकरी देणारी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण. शिकलेपणाशी, पगाराशी याचा काही संबंध दिसत नाही.

हे पत्र तुमच्या अधिष्ठात्यांनाही पाठवते आहे. त्यांच्या टेबलावर तक्रारी रोजच येत असतील. प्रत्यारोपणाची तारीख अजून मिळायची आहे, मिळाली की तुम्हाला कळवीन. बाबांनी नमस्कार सांगितलाय.

तुमची कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी