दहावी आली म्हणून तलवार माळ्यावर?

महोदय,

‘यंदा दहावी आहे, तलवारबाजी बंद करा,’ असं मुलीच्या शाळेत आम्हाला बजावण्यात आलं. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मुलगी घरी आली, किटबॅग कोपऱ्यात ठेवली आणि जेवलीच नाही. ती फॉइल हा तलवारबाजीतला प्रकार खेळते, आणि तिच्या कपाटाच्या दारावर ऑलिंपिक विजेत्या व्हॅलेंटिना वेझालीचा फोटो चिकटवलेला आहे.

वेझाली इटलीतल्या येझी गावची. वस्ती सुमारे ४० हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. एझियो त्रिकोली नावाचे तिथले गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होते. कैदेतच ते तलवारबाजी शिकले आणि गावी परतल्यावर मुलांना शिकवू लागले. १९९२ ते २०१२ या काळात ऑलिंपिकमध्ये महिला फॉइलची सहा वैयक्तिक सुवर्णपदकं दिली गेली, त्यातली पाच या एका गावच्या मुलींनी नेली. २०००, २००४ आणि २००८ ची तीन एकट्या वेझालीची. बीजिंगच्या अंतिम फेरीत अवघी चार सेकंद उरली असताना तिनं विजयी गुण मारला.

मला मात्र तिची दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. २००५ च्या जूनमध्ये तिला मुलगा झाला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ती जगज्जेती झाली! नंतर २०१२, लंडन. वय ३८. कांस्यपदकाच्या लढतीत अर्धा मिनिटही उरलं नव्हतं आणि ती चार गुणांनी मागे होती. तिनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत लढत जिंकली. पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ चं, हे शेवटचं. मध्ये सोळा वर्षं.

फॉइलमध्ये घाव फक्त टोकानं आणि फक्त धडावर. हातापायाला लागलं की पांढरा दिवा पेटतो, गुण शून्य. दोघींचा घाव एकदम धडावर बसला तर आक्रमणाचा हक्क कोणाचा होता ते पंच ठरवतात. ही नजर यायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून ऐन पंधराव्या वर्षी पोरीला घरी बसवणं मला पटत नाही. मुलग्यांना खेळ सोडायला सांगताना लोक दहादा विचार करतात, मुलींच्या बाबतीत तेवढाही करत नाहीत.

आपल्या शहरात ‘साई’चं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, तिथं तलवारबाजी शिकवली जाते. दहावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुणही मिळतात. मग अडतं कुठे? संध्याकाळच्या जादा तासांपाशी. खेळाडू मुलींना त्यातून दीड तासाची सूट द्यावी आणि बुडालेला भाग सकाळी भरून घ्यावा, अशी शाळांना विनंती आहे. सकाळी सहाला मुलीला शाळेच्या फाटकापाशी सोडायची आमची तयारी आहे.

– एका खेळाडूची आई, छत्रपती संभाजीनगर