जामीन मंजूर, माणूस आतच

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. आयुष्यात एकदाच कुणाला जामीन राहिलो, त्यावरून हे पत्र.

बागेत छाटणीला येणाऱ्या बाईंचा मुलगा चोरीच्या आरोपात अडकला. कोर्टाने सोमवारी जामीन दिला, 15 हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच ऐपतीचा जामीनदार. बाई पेढे घेऊन आल्या. मुलगा घरी आला 19 दिवसांनी. मधले दिवस माझा सात-बारा आणि ऐपतीचा दाखला फिरवण्यात गेले. एका कार्यालयात साहेब पंचनाम्याला गेलेले, दुसऱ्यात सर्व्हर बंद. एकदा तर उताऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे म्हणून परत पाठवलं. (बिनबोजाचा सात-बारा आमच्याकडे कुणी शोधून दाखवावा!)

माझ्याकडे जमीन तरी होती. ज्याच्या ओळखीत कुणाकडे गुंठाभर नाही, त्याने काय करायचं?

आमच्याच तालुक्यातल्या अहेरगावात 1818 साली दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे पकडले गेले. दोन वर्षांपूर्वी ते ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले होते, म्हणून इंग्रजांनी त्यांना पार उत्तरेत, काशीजवळच्या चुनारगडावर नेऊन ठेवलं. तिथेच ते वारले. किती वर्षं ठेवायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पेशवाईतही कैद बहुधा अशीच असे. पायात बेडी, वस्ती किल्ल्यावर, मुदत धन्याच्या मर्जीवर. दंडाला तेव्हा ‘गुन्हेगारी’ म्हणत. ती भरली, कुणी जामीनकतबा, म्हणजे जामीन राहिल्याचा कागद, लिहून दिला, की सुटका. नाहीतर गड आहेच. अमुक गुन्ह्याला अमुक वर्षं, हे गणित पक्कं झालं ते पुढे, 1860 च्या दंडसंहितेने.

नाशिकचा तुरुंग म्हटलं की आपल्याला 1933 साली तिथे ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी आठवतात. ते पक्के, म्हणजे शिक्षा झालेले कैदी. मी बोलतोय ते कच्च्या, म्हणजे खटला अजून संपायचा असलेल्या कैद्यांबद्दल. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातली 4,34,302 कच्ची. यांतल्या काहींचा जामीन झालेला असतो, पण जामीनकतबा लिहून देणारा नसतो.

साहेब, नवा कायदा मागत नाही. जामीन होऊन 7 दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्येच सांगितलंय. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदत. आमच्या बाईंना यातलं काही कुणी सांगितलं नाही. मलाही नंतरच कळलं.

एवढंच करा. जामीन होऊनही आत असलेल्यांचा आकडा दर महिन्याला तुरुंगाच्या दारावर लावा, आणि योजनेतून किती सुटले तेही. ऐपतीचा दाखला किती दिवसांत द्यायचा, ते ठरवा आणि पाळायला लावा. कुंभमेळ्यासाठी नाशकात बैठकांवर बैठका चालल्यात, त्यातल्या एकीत अर्धा तास याला द्या.

तो मुलगा आता माझ्याच बागेत डिपिंगला, म्हणजे द्राक्षघड औषधात बुडवायला, असतो. त्याच्या बॅरेकमधल्या एकाचा जामीन त्याच्याही आधी झाला होता. ‘तो सुटला का, तेवढं विचारा ना काका,’ म्हणतो. कुठे विचारू, ते कळवावं.

आपला,
निफाड तालुक्यातला एक जामीनदार