लकवा झालेल्याला लगेच पाणी पाजू नका

मा. संपादक साहेब,

तुमच्या आरोग्याच्या पानावर लकव्याबद्दल बीपी-शुगर सांभाळा, साडेचार तासांच्या आत दवाखाना गाठा असं येत असतं, ते बरोबरच आहे, पण पेशंटच्या गिळण्याबद्दल कधी एक ओळ वाचली नाही म्हणून लिहितोय.

मे महिन्यात आमच्या वडिलांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. घरी आणलं तेव्हा कागदावर सगळ्या गोळ्या होत्या, भरवायचं कसं याचा एक शब्द नाही. आपल्याकडचं मे मधलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, येणारा-जाणारा म्हणे "घोटभर पानी दे ना त्याले" आणि आम्ही पण आडवं ठेवूनच चमच्याने पाजत होतो. ठसका लागला की म्हणायचो कोणीतरी आठवण काढतंय. चौथ्या दिवशी ताप, छातीत घरघर, परत ॲडमिट. न्यूमोनिया. पाणी फुफ्फुसात जात होतं.

तिथे स्पीच थेरपिस्ट मॅडम भेटल्या, मला वाटायचं त्या फक्त बोलायला शिकवतात! त्या म्हणाल्या सुरुवातीला जवळपास निम्म्या पेशंटना गिळायचा त्रास असतो, काहींना तर ठसकाही लागत नाही, गुपचूप आत जातं, म्हणून खाल्ल्यावर आवाज ओलसर, घशात पाणी साठल्यासारखा येतोय का ते ऐकायचं. सगळ्यात अवघड साधं पाणीच, पातळ असल्यामुळे सर्रकन घसरतं आणि श्वासनळी झाकायला वेळ मिळत नाही. वरण-भातातही वरण पुढे पळतं, शितं मागे राहतात, त्यामुळे मिक्सरमधली घट्ट खिचडी. भरीत चालेल का विचारलं (खान्देशी माणूस दुसरं काय विचारणार), तर दाणे, पात, मिरची काहीच नको म्हणे, मग ते भरीत कसलं. बसवूनच भरवायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, लुळ्या बाजूच्या गालात घास साठतो तो काढायचा आणि तोंड रोज स्वच्छ. भरवण्यासाठी नाकातून घातलेल्या नळीला आम्ही फार घाबरलो होतो, आता संपलं असंच वाटलं, पण वीस दिवसांत निघाली. अर्थात घट्ट किती, मान कशी ठेवायची हे प्रत्येकाचं वेगळं, तपासूनच ठरतं.

पण तपासणार कोण? आम्हाला त्यासाठी अमळनेरहून जळगावला चकरा माराव्या लागल्या, पाड्यावरच्या माणसाने काय करायचं. निदान पहिला घोट द्यायच्या आधी दवाखान्याने गिळणं तपासावं आणि डिस्चार्ज कार्डावर भरवायचं कसं ते मराठीत लिहून द्यावं. २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक (म्हणजे लकवा) दिन आहे, त्या दिवशी तुम्ही एवढं जरी छापलं तरी चालेल.

– एक वाचक, ता. अमळनेर